तीन फेऱ्यांचे विशे सर

शहापूरच्या विशे सरांनी मला फसवलं. गुरांच्या बाजारात मी घडवलेली पद्धत त्यांनी घेतली, तिच्यावर त्यांचा क्लास चालला, आणि बदल्यात मला दिलेला शब्द त्यांनी पाळला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याबद्दल काही बऱ्या गोष्टी लिहाव्या लागतील, त्या वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

किन्हवलीच्या रस्त्याला माझी गवताची वखार आहे. मुरबाड-शहापूरच्या माळांवरचं गवत दिवाळीच्या सुमारास कापून येतं, आम्ही त्याच्या गासड्या बांधतो आणि मुंबईकडच्या तबेल्यांना पाठवतो. मी शाळा अर्धवट सोडली ती हेच गवत कापायला. मधली काही वर्षं म्हशाच्या जत्रेत गुरांच्या दलालाच्या मागे फिरलो. आज वखार माझी, टेम्पो माझे. जे आहे ते भांडून मिळवलेलं आहे. माझा आवाज मोठा आहे आणि राग लवकर येतो, हे दोन्ही तालुक्यांत सगळ्यांना माहीत आहे. मला ते लपवायचंही नाही.

विशे सर माझ्या उलट. उंच, किडकिडीत, खांदे पुढे झुकलेले, आवाज असा की ऐकायला माणसाने पुढे सरकावं. शहापुरात खताच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा क्लास होता. पदवी झाल्यावर एमबीएला, वकिलीला किंवा अशाच कशाला जायचं तर ज्या प्रवेश परीक्षा द्याव्या लागतात, त्यांचा. जिन्यात युरियाचा वास. वर गेलं की दाराशी भात मोजायची जुनी पायली ठेवलेली. पोरांनी आपापले मोबाइल तिच्यात टाकायचे आणि मग बसायचं. कोणी कुरकुर केली तर सर म्हणायचे, "महाराज, पीक इथे ठेवा, आत फक्त शेतकरी या." ते सगळ्यांनाच महाराज म्हणायचे. पोरांना, पोरींना, खताच्या दुकानातल्या हमालाला. मला मात्र शेठ.

खडूची त्यांची एक रीत होती. नवा खडू घेतला की लिहिण्याआधी त्याचे दोन तुकडे करायचे. एक स्वतःला ठेवायचा, दुसरा वर्गातल्या कुणाच्या तरी हातात द्यायचा. ज्याच्या हातात अर्धा खडू आला त्याने उठून फळ्यापाशी जायचं आणि आपलं डोकं कसं चाललं ते सगळ्यांना दाखवायचं. उत्तर बरोबर की चूक हे सर शेवटी सांगत. माझी मुलगी प्रणाली पहिल्यांदा अर्धा खडू घेऊन घरी आली तेव्हा तिने तो देवापाशी ठेवला. माझ्या वखारीतली पहिली गासडी विकली गेली तेव्हा देवापाशी कोणी काही ठेवलं नव्हतं.

पण आधी फीचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं.

प्रणालीने बी.कॉम. केलं आणि एमबीएची सीईटी द्यायची म्हणाली. मी तिला घेऊन सरांकडे गेलो. वर्ग भरलेला होता.

"फी किती?"

सरांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

"ती लिहिलेली झाली. घ्यायची किती?"

"लिहिलेलीच."

"तुमी मला वळखत नाय वाटतं."

"ओळखतो शेठ. तुमचा आवाज खाली खताच्या दुकानात पोचतो."

पोरं हसली. प्रणालीसुद्धा हसली, तोंडावर ओढणी धरून. मी उठलो. हे माझं जुनं हत्यार आहे. मी उठून दारापर्यंत गेलो की समोरचा हाक मारतोच. तबेलेवाले मारतात, गुरं विकणारे मारतात. विशे सरांनी मारली नाही. मी जिना उतरलो, रस्त्यावर आलो, टेम्पोला हात लावला. वरून काही आवाज नाही. शेवटी मुलगी वरच राहिली आहे एवढं निमित्त धरून मी परत चढलो. आयुष्यात पहिल्यांदा.

सर दारातच उभे होते. हसले नाहीत. म्हणाले, "शेठ, उठून जायला छान जमतं तुम्हाला. माझी पोरं तिथेच मार खातात. एखादा प्रश्न मनात भरला की त्याच्यापुढून हलत नाहीत. तिकडे वेळ संपतो. हे कुठे शिकलात?"

कोणी असं विचारलं की माणूस विरघळतो. मी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. बाजारात गेलं की पहिली फेरी रिकामी मारायची. हात मागे बांधायचे. कुठल्याच बैलाच्या पाठीवर हात ठेवायचा नाही, कारण हात ठेवला की विकणाऱ्यालाही कळतं आणि आपलं मनही तिथेच अडकतं. फक्त बघायचं, कुठे काय उभं आहे. दुसऱ्या फेरीत जे जनावर चोख आहे, दात, पाय, भाव सगळं सरळ आहे, ते घेऊन मोकळं व्हायचं. तिसऱ्या फेरीत अडून बसलेल्यांशी भांडायचं, तेही बाजार उठेपर्यंतच. एखादा बैल कितीही आवडलेला असो, उजेड गेला की सोडून घर गाठायचं.

सरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. विचार करायला लागले की ते हे करायचे. मग म्हणाले, "हे माझ्या पोरांना सांगाल?"

"मी?"

"एखाद्या गुरुवारी या. अर्धा खडू तुमच्या हातात देतो. फळ्यापाशी उभे राहून तुम्हीच सांगा. तुमची पद्धत, तुमच्या नावाने. आणि प्रणालीची फी तुम्ही म्हणाल ती."

मी हात पुढे केला, त्यांनी हातावर हात मारला. बाजारात असा हात पडला की व्यवहार झाला. उघड्या दारातून बघणारा भरलेला वर्ग साक्षीला होता.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं, "मला शिकवायला बोलावलंय." ती म्हणाली, "काय शिकवणार? शिव्या?" पण दुसऱ्या दिवशी तिने माझा पांढरा सदरा धुऊन इस्त्रीला दिला.

फी त्यांनी मी म्हणालो तीच घेतली, पण पहिल्या गुरुवारी सराव परीक्षा निघाली. पुढच्या गुरुवारी सर म्हणाले, "बघू शेठ, जरा वेळापत्रक जुळवतो." मग दिवाळी आली, आमचा गवताचा हंगाम आला, मला मान वर करायला वेळ नव्हता. सदरा खुंटीवरच राहिला. आणि एक दिवस शहापूरला गेलो तर क्लासच्या दारावर नवी पाटी. "तीन फेऱ्यांची पद्धत. वेळेत पेपर सुटेल." खाली नाव, विशे सर.

त्यांनी थोडा बदल केला होता, हे मान्य करतो. पेपरात पहिली फेरी पूर्ण रिकामी मारायला वेळ नसतो, म्हणून जो प्रश्न दिसताक्षणी सुटतो तो पहिल्या फेरीतच घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. दुसरीत मेहनतीचे. तिसरीत अडलेले. आणि चूक झाली तर गुण कापतात की नाही हे आधी बघायचं. कापत नसतील तर शेवटी एकही जागा रिकामी सोडायची नाही, कापत असतील तर हात आवरायचा. ठीक आहे. माझ्या सदऱ्याला त्यांनी दुसरी कॉलर लावली. म्हणून सदरा त्यांचा होत नाही.

एकदा जेवताना प्रणाली मला समजावायला लागली. "बाबा, पहिल्या फेरीत जीव गुंतवायचा नाय. सर म्हणतात, आवडलेला प्रश्न सगळ्यात महाग पडतो."

"हे मीच सांगितलंय त्यांना."

"हो बाबा," ती म्हणाली. लहान पोराने चंद्र हवा म्हटल्यावर आई जशी हो म्हणते, तसं.

तेव्हापासून मी मोजायला लागलो, या घरात सर किती शिरलेत ते. प्रणाली आमच्या वासराला महाराज म्हणू लागली. विचार करताना ओढणीचं टोक चोळू लागली. लहानपणी तिला मी बाजारात चल म्हणायचो तर शेणाचा वास येतो म्हणून नाक मुरडायची. आता तोच बाजार खताच्या दुकानावर मांडला होता, तर ती सकाळची पहिली एसटी धरून जायची. बायकोही त्यातलीच. प्रणालीला म्हणायची, "एकटेच ऱ्हातात ते. कालवण दे गो डब्यात, सुकटीचं केलंय." मी म्हटलं, "माझा डबा कोण भरतं?" ती म्हणाली, "तुमचा हात मोडलाय काय?"

पालकांच्या एका सभेची गोष्ट सांगतो, म्हणजे सर माणूस कसा होता ते कळेल. परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाळ्यांत होते. वाशिंदहून कारखान्यातले एक गृहस्थ आले होते, ते उभे राहून तावातावाने बोलू लागले. "माझ्या पोराच्या पाळीला पेपर कठीण आला आणि दुसऱ्याच्या पाळीला सोपा आला तर? हा तर लॉटरीचा धंदा झाला."

सर माझ्याकडे वळले. "शेठ, ओलं गवत आणि सुकं गवत एकाच वजनाने घेता का?"

"येडा हाय काय मी? ओल्यात पाणी असतं. घट धरतो."

"किती घट, ते कसं ठरवता?"

"त्या दिवशी आलेल्या सगळ्या मालाकडे बघून. दव पडलेलं असलं तर सगळ्यांचाच माल ओला. मग त्यात कोणाचा बरा ते बघायचं."

"झालं," सर त्या गृहस्थांना म्हणाले. "परीक्षावाले हेच करतात. तुमच्या मुलाला आधी त्याच्याच पाळीतल्या मुलांशी लावून बघतात. पेपर कठीण असेल तर सगळ्यांनाच कठीण. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. मार्क किती पडले ते त्यात दिसत नाही. शंभरातले किती जण त्याच्या मागे राहिले, ते दिसतं. त्याला निम्मा पेपर आला आणि बाकीच्यांना पाव आला, तर तोच पुढे."

गृहस्थांचा चेहरा उजळला. त्यांनी पुढे येऊन दोन्ही हातांनी हात धरला. सरांचा. "काय समजावता हो सर तुमी!"

गवत माझं, घट माझी, आणि हात त्यांचा धरला. मी घरी येईपर्यंत टेम्पोचा हॉर्न वाजवत आलो.

आणखी एक सांगायचं तर, सर दरवर्षी स्वतः परीक्षेला बसायचे. पोरांबरोबर फी भरायची, पोरांबरोबर रांगेत उभं राहायचं. नंबर असा यायचा की भल्या कॉलेजांनी दार उघडावं. ते कुठेच गेले नाहीत. लोक विचारायचे, तर म्हणायचे, "भाव बघायला जातो. बाजार बदलला की नाही ते घरी बसून कळत नाही." लोकांना याचं फार कौतुक. मला राग यायचा. माझ्यासारख्याला जे दार आयुष्यात कोणी दाखवलं नाही, ते या माणसापुढे दरवर्षी उघडायचं आणि हा दरवर्षी ते हलकेच लावून परत यायचा. मिळालं असतं तर मी नाही म्हणालो असतो का?

परीक्षेच्या दिवशी मीच टेम्पो काढून प्रणालीला कल्याणच्या केंद्रावर नेलं. वाटेत तिला काय सांगायचं ते मनात जुळवत होतो. घाबरू नको, हात मागे बांध, पहिल्या बैलावर भुलू नको. गेटापाशी सर पोरांच्या रांगेत उभे होते, हातात स्वतःचं प्रवेशपत्र. प्रणाली टेम्पोतून उतरली ती सरळ त्यांच्याकडे गेली आणि वाकली. सर म्हणाले, "महाराज, पाणी पिऊन घ्या. बाकी तुम्हाला येतं." तेवढंच. मग ती वळली, मला हात केला आणि आत गेली. माझं जुळवलेलं तोंडातच राहिलं.

पेपर सुटल्यावर सर पोरांना उत्तरं विचारत नसत. विचारायचे, "कुणाला सोडून आलात?" पोरं आपण पहिल्या फेरीत सोडलेले प्रश्न सांगायची, जशी गावची माणसं जत्रेत न घेतलेल्या बैलांबद्दल बोलतात. प्रणाली म्हणाली, "एक आकृतीचा होता सर, फार गोड होता. बघितलं पण नाय परत त्याच्याकडे." आणि दोघं हसली. मी टेम्पोत बसून ते बघत होतो. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. म्हशाच्या बाजारातून मोकळ्या हाताने पण मोकळ्या मनाने परतताना मी एकटाच असा हसायचो.

त्याआधीचा एक प्रसंग राहिला. एकदा गासड्या भरून मी तसाच शहापूरला गेलो होतो. अंगावर कामाचा बनियन, केसांत गवताच्या काड्या. म्हटलं, आज गुरुवार आहे, विचारूनच टाकू. जिना चढलो. मी दारात दिसताच प्रणाली बाकावरून उठून धावत बाहेर आली.

"बाबा, तुमी गाडीत बसा ना. मी येतेच."

"मला सरांशी बोलायचंय."

"गाडीत बसा ना बाबा."

सर तिच्या मागे दाराशी आले. "शेठ! या ना आत," म्हणाले. त्यांच्या हातात नुकताच मोडलेला खडू होता. प्रणालीने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला दिसलं नाही, तिची पाठ माझ्याकडे होती. सरांनी तो खडू मुठीत घेतला. मग म्हणाले, "आज जरा गडबड आहे. पुढच्या गुरुवारी बोलू." मी खाली येऊन गाडीत बसलो. त्यानंतर पुढचा गुरुवार त्यांनी स्वतःहून कधीच काढला नाही.

निकाल उत्तम लागला. प्रणालीला मुंबईतल्या नावाजलेल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. शहापुरात क्लासच्या मुलांचा सत्कार झाला, मीही गेलो, त्या पांढऱ्या सदऱ्यात. प्रणाली माइकवर म्हणाली, "सरांनी आम्हाला तीन फेऱ्या दिल्या. त्या फक्त पेपरात नाय, आयुष्यात पुरतील." टाळ्या पडल्या. मग सर उठले. माझ्याकडे बघत म्हणाले, "ही पद्धत माझी नाही. मला ती एका ओळखीच्या माणसाने शिकवली."

एका ओळखीच्या माणसाने. मी पुढून तिसऱ्या रांगेत बसलो होतो. नाव घ्यायला किती श्वास लागतो? माझ्या शेजारचा मला म्हणाला, "बघा, किती मोठं मन. श्रेयसुद्धा घेत नाय." मी उठून बाहेर गेलो. या वेळीही त्यांनी हाक मारली नाही.

नंतर हळूहळू पोरं मोबाइलवरच क्लास बघू लागली आणि खताच्या दुकानावरची खोली ओस पडली. सर नाशिकला भावाकडे जाणार असं कानावर आलं. मला ते शहापूरच्या स्टँडवर दिसले, हातात एक बॅग, नाशिकच्या गाडीची वाट बघत. मी टेम्पो रस्त्यातच उभा केला.

"चाललात?"

"चाललो शेठ. भाऊ एकटा पडलाय."

"माझा गुरुवार ऱ्हायला."

त्यांना लगेच कळलं. कोणता गुरुवार, असं विचारलं नाही. म्हणाले, "मी पहिल्याच आठवड्यात तयार होतो. खरंच."

"मग?"

"प्रणाली बरी आहे ना?"

"मी काय विचारतोय, तुमी काय बोलताय!" माझा आवाज चढला. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. चहावाल्याने किटली हातातच धरली. "हातावर हात मारला होता तुमी. सगळ्या वर्गासमोर. मी काय फळा खाणार होतो तुमचा? दोन शब्द बोललो असतो आणि खाली उतरलो असतो."

"तुम्ही छान बोलला असता," सर म्हणाले. "माझ्यापेक्षा छान."

"मंग का नाय बोलावलं?"

गाडी आली. माणसं धावली. सरांनी बॅग उचलली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासारखं बोलले. "त्ये मी नाय सांगनार, शेठ. तिला विचारा."

ते खिडकीपाशी बसले. चष्मा काढून पुसत राहिले, गाडी वळेपर्यंत. बाहेर बघितलं नाही.

प्रणालीचा फोन दर रविवारी येतो. कॉलेजात चांगलं चाललंय. मैत्रिणी बड्या घरच्या आहेत, त्यांचे वडील असं करतात, तसं करतात, ते सांगते. मी काय करतो हे तिथे कोणी विचारलं का, ते ती सांगत नाही आणि मीही विचारत नाही. तो दुसरा प्रश्न तर मी तिला मुळीच विचारलेला नाही. विचारणारही नाही. ती माझी मुलगी आहे, ती खोटं बोलेल किंवा खरं बोलेल, आणि मला दोन्ही नको.

शिवाय तिचा यात संबंध काय? शब्द तिने दिला नव्हता. व्यवहार माझा आणि विशे सरांचा होता. ज्याने हात मारला त्यानेच तो पुरा करायचा असतो, मधलं माणूस पुढे करायचं नसतं. तेव्हा सर, नाशिकला तुम्ही असाल तिथे हे तुमच्यापर्यंत पोचेल. मला फळ्यापाशी का उभं केलं नाही, याचं उत्तर तुम्ही द्या. तुम्हीच द्या. आणि देताना माझ्या मुलीचं नाव घेऊ नका.